पिशवीचं प्रस्थान

आत्याचं जगाशी एकच भांडण होतं. जग मुहूर्त न बघता वेळ देतं. भाचीला दोन ठिकाणांहून नकार आल्यावर अखेर एका दवाखान्यातून मुलाखतीचं बोलावणं आलं, तर तेही शुक्रवारी साडेअकराचं. शुक्रवारी साडेदहा ते बारा राहुकाळ. तेवढ्या वेळात नव्या कामासाठी घराबाहेर पाऊल टाकायचं नाही, हा या घरचा कायदा.

"लवकर निघू का मग?" भाची म्हणाली.

"आणि तिथे बाकावर बसून तोंड सुकवून घेणार? काही नको. प्रस्थान ठेवू."

प्रस्थान हा मोठा सोयीचा बंदोबस्त. चांगल्या वेळेला प्रवासातली एखादी वस्तू शेजारी नेऊन ठेवायची, की माणूस घरात लोळत पडला तरी शास्त्राच्या हिशेबी निघालेला असतो. लोक एखादा रुमाल ठेवतात. आत्याला थोडक्यात भागवणं माहीत नव्हतं. तिने सकाळीच प्रमाणपत्रांची अख्खी पिशवी शेजारी पोचवली.

शेजारी सेकंदकाका. कारखान्यात टाइमकीपर होते. जन्मभर दुसऱ्यांचा उशीर टिपला, निवृत्तीनंतर टिपायला कुणी उरलं नाही म्हणून पंचांग धरलं. अकरा वाजता भाची पिशवी न्यायला गेली, तर काका दारात आडवे.

"राहुकाळात माझ्या उंबऱ्याबाहेर वस्तू जात नाही, पोरी. बारा वाजले की ये."

"काका, तोवर मुलाखत संपेल!"

"मग वेळ देणाऱ्यांनी बघायला नको?"

आवाज ऐकून आत्या अनवाणीच आली. "अहो, पोर सकाळपासून निघालेली आहे. यात नवं काय?"

"ती निघाली तुमच्याकडून. पिशवी निघायची आहे माझ्याकडून."

दोघांचंही शास्त्र बरोबर, हीच पंचाईत. चुकीच्या माणसाला निदान दटावता तरी येतं. कोपऱ्यावर बस येऊन उभी राहिली. भाची नुसती बसकडे बघत राहिली. आत्याने तिचा चेहरा पाहिला आणि आयुष्यात कधी न केलेलं काम केलं: उभ्या उभ्या शास्त्र बनवलं.

"खिडकीला उंबरा असतो का हो?"

काका विचारात पडले. "खिडकीबद्दल कुठे काही दिलेलं नाही खरं," ते म्हणाले. आवाजात नाराजी होती, पण आत जाताना पाय मात्र भराभर पडले. पिशवी खिडकीतून बाहेर आली आणि भाची पळाली. बस चुकली नाही.

दुपारी तिचा फोन आला. नोकरी मिळाली, सोमवारी सकाळी आठला हजर व्हायचं.

आत्याने सवयीने पंचांग उघडलं. सोमवार, राहुकाळ साडेसात ते नऊ. काकांना ते तोंडपाठ होतं. तरी त्यांनी खिडकीतून मान बाहेर काढून विचारलंच, "काय म्हणतंय?"

"सोमवार म्हणतंय," आत्या म्हणाली आणि तिने पंचांग मिटलं.