माझ्या टोपणाखालचं कुंकू

मी रेग्युलेटर बोलतोय. पंख्याचा नव्हे, पाणबुड्याचा. मला घाई आहे, तेव्हा कृपा करून मध्ये टोकू नका. लालबागच्या एका चाळीत, दुसऱ्या मजल्यावर, दाराशेजारच्या खिळ्याला मी टांगलेला आहे. आज खंडेनवमी. दौलतबाबा आंघोळ करून पाटावर बसलेत आणि समोर पूजेचं ताट आहे. त्या ताटाकडे बघून माझा जीव टांगणीला लागलाय.

आधी माझं काम सांगतो. पाणबुड्याच्या पाठीवरच्या सिलिंडरमध्ये हवा इतकी दाबून भरलेली असते, की ती थेट तोंडात गेली तर छाती फुटेल. माझा एक भाग सिलिंडरवर घट्ट बसतो, दुसरा पाणबुड्याच्या दातांत असतो, मध्ये नळी. त्या माजलेल्या हवेला मी वठणीवर आणतो आणि मागितली तेवढीच, हळुवार देतो. हे काम स्वस्तातला रेग्युलेटरही करतो. मग माझी किंमत त्याच्या चौपट का? कारण खोल पाण्यात, मेहनतीने धापा टाकणाऱ्या माणसालाही माझ्यातून श्वास सहज येतो. अशी माझी ख्याती होती आणि मला तिचा गर्वही होता.

बाबांचा मुलगा दीपक याने मला घेतलं. बंदराबाहेर नांगरलेल्या जहाजांचे तळ पाण्याखाली जाऊन खरवडायचे, हा त्याचा धंदा. मला घरी आणलं तेव्हा बाबांनी चष्मा पुसून मला उलटसुलट पाहिलं.

"ह्या केवढ्याक घेतलंस?"

दीपकने आकडा सांगितला. बाबा मटकन खाली बसले.

"श्वास घेवक इतके पैशे? मी वीस वर्सां गिरणीत फुकट घेतलंय. कापसासकट!"

दीपकचा कामावरचा जोडीदार ओनील, गिरगावचा. त्याच्याकडे पाण्याखाली बुडी मारायला शिकवणाऱ्या कुठल्याशा क्लासने मोडीत काढलेला जुना रेग्युलेटर होता, जागोजागी ओरखडे पडलेला. तो मला बघून हसला. "हवा तर सेमच ना रे? माझ्यातून येते ती काय उष्टी असते?"

"खाली दम लागला की कळेल तुला," दीपक म्हणाला. मीही मनातल्या मनात त्या ओरखडेवाल्याकडे बघून नाक मुरडलं. आज त्याची लाज वाटते.

एकदा दीपक सिलिंडर घरी घेऊन आला आणि त्याने मला बाबांच्या तोंडात दिलं. बाबांची छाती गिरणीतल्या कापसाने कायमची धरलेली. दोन जिने चढले की कठड्याला धरून उभे राहायचे. त्यांनी एक श्वास घेतला, मग दुसरा, मग डोळे मिटून घेतच राहिले. मला काढलं तेव्हा त्यांचे डोळे भरून आले होते.

"हवेक वजनच नाय रे," ते म्हणाले.

त्या दिवसापासून माझ्या किमतीबद्दल घरात कुणी बोललं नाही. सकाळी नळ जायच्या आत दीपकची आई, कमलताई, माझ्यावरचं समुद्राचं मीठ धुवायला एक बादली गोडं पाणी बाजूला काढून ठेवायची. दीपक मला त्यात बुडवण्याआधी एक टोपण घट्ट आवळायचा. सिलिंडरवर बसणाऱ्या भागाला एक छोटं तोंड असतं, त्यातून हवा माझ्यात शिरते आणि तिथेच एक बारीक गाळणी असते. त्या तोंडात थेंबभर पाणीही जाऊ नये म्हणून ते टोपण. पण ते कशासाठी, हे दीपकने घरात कधी सांगितलंच नाही. त्याला वाटलं असेल, यात काय सांगायचं!

गेल्या वर्षीची खंडेनवमी. गिरणीत या दिवशी बाबा आपल्या मागाला हार घालायचे, कुंकू लावायचे. त्यांनी मला पाटावर मांडलं. टोपण बघून ते थबकले. "तोंड बांधून देवाची पूजा करतत काय?" असं म्हणून त्यांनी टोपण काढलं. ओली हळद, ओलं कुंकू, वर नारळाचं पाणी, सगळं माझ्या त्या उघड्या तोंडात. मग डोळे मिटून नमस्कार केला, "माझ्या पोराक सांभाळ" म्हणाले आणि टोपण होतं तसं लावून टाकलं. मी आतून ओरडत होतो. पण माझ्यातून हवा येते, शब्द येत नाहीत.

चार दिवसांनी जहाजावर दीपकने नेहमीप्रमाणे दोन श्वास घेऊन पाहिलं. ठीक होतं. शांत माणसाला हवा लागते कितीशी! पण जहाजाखाली गेल्यावर, गढूळ काळोखात, हात भरून येईपर्यंत खरवडताना तो जास्त हवा मागू लागला आणि माझ्या गाळणीवर कुंकवाची खपली धरलेली. त्याने ओढलं, मी देऊ शकलो नाही. माझ्या दुसऱ्या नळीला अडीअडचणीसाठी तोंडात धरायचा एक राखीव तुकडा असतो, तो त्याने घेतला, पण तोही माझ्याच गाळणीतून हवा घेतो. वर यावं तर डोक्यावर अख्खं जहाज. त्याचे दात माझ्या रबरात रुतले होते. माझ्यासाठी इतके पैसे मोजणारा माणूस माझ्याच तोंडी गुदमरत होता.

ओनीलने त्याला चाचपडत गाठलं आणि आपला राखीव तुकडा त्याच्या तोंडात कोंबला. त्या ओरखडेवाल्याने दोघांना पुरेल एवढी हवा दिली.

दुरुस्तीवाल्याने मला उघडलं. गाळणी पिवळी आणि लाल. "हे काय?" त्याने विचारलं. दीपकने बोट फिरवलं, नाकाशी नेलं आणि "गाळणी तेवढी बदला" म्हणाला.

ओनीलने घरी येऊन झालेली गोष्ट सांगून टाकली होती. दीपक मला घेऊन घरी पोचला तेव्हा बाबा दारातच उभे होते. "मशीनीन दगो कशाक दिल्यान रे?"

दीपकने त्यांच्या धपापणाऱ्या छातीकडे पाहिलं. "मालच खराब निघाला, बाबा. नुसतं नाव मोठं. तुमचंच बरोबर होतं."

झालं. मी बदनाम. नवी गाळणी घातली होती, आजही कामाला लागेन, पण खोटं टिकवायचं म्हणून खिळ्यावर आलो. दीपकने एक साधा रेग्युलेटर घेतला. बिचारा चांगला आहे. माझ्यासारखी घमेंड नाही त्याला.

आणि बाबा? वर्षभर त्यांच्या मनात एकच आहे: गेल्या वर्षी पूजेत काहीतरी कमी पडलं. आत्ताच कमलताईंना सांगत होते, "औंदा सगळां नीट करतंय." ताटात कुंकू दुप्पट कालवलंय. दीपक झेंडू आणायला दादरला गेलाय. "मी आल्याशिवाय हात लावू नका," एवढंच बजावून गेला. का, ते याही वेळी सांगितलं नाही. परवा त्याला पुन्हा जहाजाखाली उतरायचंय.

बाबांनी नव्याला पिशवीतून काढलं. पाटावर ठेवलं. टोपण फिरवतायत.

अहो, कुणीतरी त्यांना हाक मारा! मी खोटा, मी महागडं भंगार, सगळं कबूल आहे मला. त्यांनी अनामिका कुंकवात बुडवलीये.

जिन्यात चपला वाजतायत. दीपक, फुलं टाक, पळत ये. त्यांचा हात धर. आणि या वेळी त्यांना खरं सांग.