माझ्या अंगावरचा आकडा

मी बोलतोय, काचेच्या कपाटातला लोखंडी ठोकळा. तराजूत घालायचं वजन. माझ्या छातीवर ‘दहा शेर’ कोरलंय. धादांत खोटं आहे ते! मी चांगला साडेबारा शेरांचा आहे. लोखंड खोटं बोलत नाही, कोरणारे बोलतात.

साम्राज्याच्या गोदामात कापूस माझ्या मापाने घेत. मीठ विकायला माझा धाकटा भाऊ होता. त्याच्यावरही दहाच कोरलेलं, भरायचा जेमतेम आठ. घ्यायचं माप वेगळं, द्यायचं वेगळं!

एकदा एक शेतकरी घरून साडेबारा शेर तोलून घेऊन आला. पारडी समान झाली आणि कारकुनाने खुशाल दहा लिहिले.

“साहेब, घरी साडेबारा भरला होता हो!”

“वाटेत वाळला असेल.”

दुसऱ्या दिवशी त्याची बायकोच तावातावाने आली. “खरं सांगा, ह्यांनी वाटेत विकून खाल्ला ना?”

कारकून नुसता हसला. नवरा खाली मान घालून उभा. माझा तिळपापड झाला, पण ठोकळ्याला विचारतो कोण?

राजवट गेली. भाऊ भट्टीत गेला, मी संग्रहालयात आलो. मग इतिहासकार आले. एकाने लिहिलं, राजवटीने रस्ते दिले, बाजार दिला, पण लोकच आळशी. पीक बघा किती कमी! दुसरा म्हणाला, छे, राजवटीने जमीन पिळून काढली, म्हणून पीक कमी. वर्षानुवर्षं दोघं हमरीतुमरीवर येतात. अरे, पण पीक कमी होतं हे तुम्हाला सांगितलं कोणी? त्याच कारकुनाने ना?

माझी उंची मोजून झाली, फोटो झाले, गंजावरसुद्धा लेख झाला. मला तोललं मात्र एकानेही नाही.

काल ते ‘आळशी’वाले प्राध्यापक आले. पुस्तकाची नवी आवृत्ती निघतेय म्हणे. सोबत त्यांची विद्यार्थिनी होती.

“सर, माझे पणजोबा याच गोदामात कापूस घालायचे. वाटेत चोरून विकायचे, असं घरात अजून बोलतात.”

सरांनी मला उचललं आणि लगेच टेकवलं. “हात भरून आला. वय झालं गं आता.”

“द्या, मी धरते. बाप रे! दहा शेर इतके जड?”

“पुस्तकापलीकडे कधी काही उचललंयस का?”

दोघं हसली. मला परत कपाटात ठेवलं आणि कुलूप लावलं.

पोरी, हसतेस काय? तुझा हात खरं सांगत होता. पुस्तक छापून व्हायच्या आत परत ये, आणि येताना एक तराजू आण. तुझा पणजोबा चोर नव्हता गं!