सोळात भागतं

त्याने कीबोर्डवरून हात उचलले. कंपनीच्या हार्डवेअर विभागातली बाई आपल्या जागेवरूनच त्याच्या लॅपटॉपमध्ये शिरली होती आणि तिच्या माउसचा बाण त्याच्या पडद्यावर फिरत होता. परक्या माणसाने आपल्या स्वयंपाकघरातले डबे उघडून पाहावेत, तसं त्याला झालं.

"सोळा जीबी मेमरी आहे की. बत्तीससाठी अर्ज कशाला?" तिने हेडफोनमधून विचारलं.

"लॅपटॉप पार रडकुंडीला येतो हो. प्रोग्राम मोठे आहेत."

प्रोग्रामरला मेमरी किती लागते? तर शेजारच्याकडे आहे त्याहून थोडी जास्त. अशी रडगाणी ती रोजच ऐकत असणार. बाण एका खिडकीवर येऊन थांबला.

"प्रोग्राम नाही, ही मीटिंग खातेय सगळं. दिवसभर चालू असते?"

ती टीमच्या गप्पांची ऑनलाइन खोली होती. सगळे घरून काम करायला लागले तेव्हा काढलेली, चहा घेताना कुणीही डोकवावं म्हणून. सुरुवातीला नुसती झुंबड असायची. मग एकेक जण येईनासा झाला. तो मात्र रोज सकाळी खोली उघडायचा आणि कॅमेरा लावून दिवसभर तिथे एकटाच बसायचा.

"यात दुसरं कुणीच नाहीये," बाई म्हणाली. "बंद करू?"

"नको!" त्याचा आवाज चढलाच. मग तो हळूच म्हणाला, "कुणी आलंच, तर आत माणूस दिसायला हवा ना."

बाण खिडकीच्या फुलीवरून बाजूला झाला.

"मग तुमच्या अर्जावर कारण काय लिहू?"

त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

दुसऱ्या दिवशी अर्ज नामंजूर होऊन आला. 'सोळात भागतं', एवढाच शेरा. त्याला राग आला नाही. तिचं बरोबरच होतं. त्याने कामाचे दोन प्रोग्राम बंद केले आणि खोली चालू ठेवली. काम रखडलं तर रखडू दे.

दुपारी तो नेहमीसारखा ओट्याशी उभ्यानेच जेवत होता, तेवढ्यात लॅपटॉप टिंग वाजला. हातात घास तसाच धरून तो पडद्याकडे धावला. खोलीत दुसरा चौकोन उमटला होता. डब्याचं झाकण निघाल्याचा आवाज आला.

"जेवायला बसलेय," हार्डवेअरवाली बाई म्हणाली. "तुमचं चालू द्या."

तो ओट्यावरचं ताट घेऊन आला आणि खुर्ची ओढून बसला.