डोळ्यावरचे कुंकू

शहाद्याच्या दवाखान्यातून फोन आला तेव्हा मी लोटनभाऊंच्या पिकअपच्या पुढच्या जाळीवर होतो. भाऊ नुसते "हां, हां" म्हणत राहिले आणि माझ्याशेजारी खाली बसले. छातीत दुखते म्हणून सकाळी भाच्याबरोबर गेलेल्या प्रमिलाबाई, त्यांची बायको, परत येणार नव्हत्या.

मित्रांनो, मी एक लहानसे सर्किट आहे. समोरच्या गाडीचा उजेड माझ्या डोळ्यावर पडला की मी आपल्या गाडीचा लाईट आपोआप खाली करतो. मला बनवून घेतले प्रमिलाबाईंनी. सारंगखेड्याहून केळी भरून येताना त्या भाऊंना सारख्या टोकायच्या, "अहो, लाईट खाले करा! समोरनाले बी घर जावानं शे!"

"तू शे ना आठवण करी देवाले," भाऊ हसायचे.

शेवटी बाईंनीच लोणखेड्याच्या हिलाल इलेक्ट्रिशियनला गाठले. त्याने साबणाच्या डबीत माझ्या तारा जोडल्या. सुरुवातीला मी रस्त्याकडेच्या पांढऱ्या दगडालाही गाडी समजायचो. हिलालने स्क्रू फिरवून मला शहाणे केले. मग मी टक् करून लाईट खाली केला की बाई म्हणायच्या, "देखा, तुमनापेक्षा याले जास्त समजस!" भाऊंची हाताने लाईट खाली करायची सवयच मोडली.

दसऱ्याला गाडीची पूजा झाली. "नवा शे, यालेबी कुंकू लावनं पडी," म्हणत बाईंनी तेलात कालवलेले कुंकू कौतुकाने माझ्या डोळ्यावरच लावले. पुढची रात्रीची फेरी होण्याआधीच, दिवाळीच्या तोंडावर त्या गेल्या.

ते कुंकू लागल्यापासून मला काही दिसत नाही आणि लाईट वरच राहतो. समोरचे लोक डोळ्यांवर हात धरतात, शिव्या देतात. परवा एक मोटारसायकलवाला बायकोमुलासकट कडेच्या चारीत उतरला. थोडक्यात वाचले.

हिलाल फडके घेऊन आला. "लोटनभाऊ, याना डोयावर कुंकू शे. पुसी टाकू?"

"हात लावू नको," भाऊ म्हणाले. "तिनी लायेल शे."

हिलाल फडके तिथेच ठेवून गेला. भाऊ गाडी धुतात, पण माझ्यावर पाणी पडू देत नाहीत.

मित्रांनो, भाऊंवर रागावू नका. पण गेलेल्या माणसाची खूण जपताना त्याचे सांगणे विसरू नका. तुमच्या घरच्यांना लाईट खाली करायला सांगा.

भाऊंना हे कळते. रोज संध्याकाळी निघण्याआधी ते फडके घेऊन माझ्यासमोर उभे राहतात. कुंकू अजून पुसलेले नाही.