वडखळ नाक्यावरचा बॅनर

लोकसभेने ठराव एकमताने संमत केला, तेव्हा गडबच्या दामोदर मास्तरांनी टीव्हीचा आवाज वाढवला. आफ्रिकेतल्या त्या देशात आपसातली लढाई पेटून चार महिने झाले होते. मास्तरांचा मुलगा विराज रोह्याच्या कंपनीतली शिफ्ट सोडून तिकडे साखर कारखान्यात फिटर म्हणून गेला होता, आणि तेवीस दिवस त्याचा फोन लागत नव्हता. सभागृहाने हिंसाचाराचा निषेध केला, तीव्र चिंता व्यक्त केली, दोन्ही बाजूंना संयम राखायला सांगितलं. अडकलेल्या माणसांबद्दल अवाक्षर नाही. मग बाकं वाजली.

"झालं?" त्यांच्या बायकोने, विमलने विचारलं.

"झालं," मास्तर म्हणाले. अर्ज लिहून लिहून ते इतके थकले होते, की रागही येईना.

थकला नव्हता तो नाथा, खासदारांचा कार्यकर्ता. मास्तरांचा अर्ज त्यानेच दिल्लीला पोचवला होता, तेव्हा ठराव म्हणजे त्याला घरचंच कार्य. दुसऱ्या दिवशी सकाळीच त्याने वडखळ नाक्यावर जाहीर आभाराचा बॅनर चढवला. वर विराजचा मोठा फोटो, खाली हात जोडलेले खासदार, मजकूर बारीक. आता आपल्याकडे वर एकट्या माणसाचा फोटो आणि खाली हात जोडलेला पुढारी दिसला, की पुढचं वाचतो कोण?

दुपारी पेणहून मास्तरांची बहीण सरू आली. अंगणातच तिने हंबरडा फोडला.

"दादा, मला कळवलंसुदा नाय रे! शेजारनीनं नाक्यावरचा फोटो बघून सांगितला, तवा कळला!"

तिच्या हातात डबा होता. झाकण न उघडताच मास्तरांनी ओळखलं. पिठलं-भात. मयताच्या घरी चूल पेटत नाही, म्हणून नातलग नेतात तो.

"अगं, तो आभाराचा बॅनर आहे. ठराव झाला ना, त्याचा."

सरूने पदराने डोळे पुसले. "म्हंजे विराज हाय ना?"

चौतीस वर्षं मास्तरांनी पोरांची उत्तरं तपासली होती. आता स्वतः उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि कळलं, की आपल्याला माहीत नाही. दिल्लीत बाकं वाजवणाऱ्यांनाही माहीत नाही. ते ओटीवर मटकन बसले आणि चोवीस दिवसांत पहिल्यांदाच रडले.

ते पाहून सरूचा धीर पुन्हा सुटला. तोच विमल आतून आली. तिचे हात पिठाचे होते. नवऱ्याकडे तिने पाहिलं, डब्याकडे पाहिलं, पण हात पुढे केला नाही.

"माझी चूल पेटलेली हाय, वन्सं," ती म्हणाली. "डबा भायेरच ऱ्हाऊ द्या. भाकऱ्या गरम हायत, जेवायला आत या."