ओळ चारशे बारा

चालू ३१.

मशीन एकतिसाव्यांदा चालू केलं, पडदा उजळला. अक्षरांवरून पिवळी चौकट फिरू लागली आणि चाळिसाव्या सेकंदाला गोठली.

"भावजी, परत तेच?" वहिनी म्हणाली.

"आत दोन प्रोसेसर आहेत. दोघं एकदम पडद्याला हात घालतात. एक पळी, दोन सुगरणी."

"मग एकीला बाहेर काढा."

"काढून पाहिली. मशीन उठतच नाही."

धाकटा भाऊ प्रिंटर दुरुस्तीची कामं करायचा. मशीनमधली ही सिस्टिम दादाने स्वतः लिहिलेली. वापरणारे जगात अकरा जण उरलेले. पडदा चालवणारा प्रोग्रॅम, म्हणजे ड्रायव्हर, तोही त्याचाच, नऊ हजार ओळींचा. आता आजाराने दादाचं एक बोट तेवढं शिल्लक ठेवलं होतं, तेही असं हलायचं की फक्त त्याच्याखालच्या बटणाला कळावं. चौकट हव्या त्या अक्षरावर आली की दादा ते बटण दाबायचा. जुनं, एकाच प्रोसेसरचं मशीन सोमवारी जळालं.

उद्या डॉक्टर येणार. गळ्यात नळी घालून श्वास चालू ठेवायचा की नाही, हे दादाने स्वतः सांगायचं.

चालू ३२ च्या आधी.

ड्रायव्हरच्या सुरुवातीलाच दादाची टीप सापडली: 'कुठेही कुलूप लावलेलं नाही. सासरे दोन प्रोसेसरचं मशीन घेऊन देतील तेव्हा बघू.'

"मेला!" वहिनी हसली. हसता हसता भिंतीकडे तोंड करून उभी राहिली.

एका वेळी एकच प्रोसेसर पडद्यापाशी जाईल असं कुलूप कोणत्या ओळीला लावायचं, ते एकट्या दादाला ठाऊक. आणि दादाचं तोंड म्हणजे हा पडदा.

चालू ३२.

चाळीस सेकंदांत एक अक्षर तरी निघेल.

"दादा, नळीचं सांग."

न.

चालू ३३. क.

चालू ३४. ो.

वहिनीने वहीत लिहिलं नाही.

"चुकून दाबलं गेलं असेल," धाकटा म्हणाला. "परत विचारतो."

३५, ३६, ३७. तीच तीन.

"आता छळू नका त्यांना."

"एकदाच, वहिनी. दादा, आणखी काही?"

चालू ३८. ओ.

चालू ३९. ळ.

मग ४. मग १. मग २.

धाकट्याने ती ओळ उघडली. तिच्या आधी कुलूप लावलं, नंतर काढलं. एक चूक दोनदा दुरुस्त केली.

चालू ४३.

चाळीस सेकंद. पन्नास. दोन मिनिटं.

"दादा, चाललं रे! बोल आता. हवं तेवढं बोल."

वहिनीने पेन्सिल उचलली.

चौकट अ पासून ज्ञ पर्यंत गेली, परत अ वर आली, परत निघाली. दादाचा श्वास संथ चालू होता, पण बटण दाबलं गेलं नाही.