केस धुण्यापुरती धार

आता जे सांगणार आहे, त्यावर तुमच्यापैकी एकाचाही विश्वास बसणार नाही, हे आधीच सांगून ठेवतो. माझा स्वतःचाच बसला नव्हता, आणि मी तर तिथे हजर होतो, अंगाला साबण लावून.

असं मी म्हणालो तेव्हा सलूनमध्ये दोघंच होते. एक सलूनवाला, आणि दुसरे खुर्चीत गालाला फेस लावून बसलेले निवृत्त मास्तर. मास्तरांना तोंड उघडायची सोय नव्हती, म्हणजे श्रोता म्हणून उत्तमच.

"बंबवाले काका, आज कुठली आग विझवलीत?" सलूनवाल्याने विचारलं. मी तीस वर्षं अग्निशमन दलात बंबावर होतो. नोकरी सुटली, नाव चिकटलं.

"आग नाही. घरातला शॉवर दुरुस्त केला."

"एवढंच होय?"

"एवढंच म्हणतोस? अरे, त्या शॉवरपायी माझा संसार अडला होता."

आणि हे मात्र अक्षरशः खरं. आमची ही लेकीच्या बाळंतपणाला म्हणून गेली ती तीन महिन्यांसाठी. त्याला आता दीड वर्ष झालं. नात पालथी पडली, रांगली, चालायला लागली, आता म्हणे दारामागे लपते. फोनवर मी विचारावं, कधी येतेस, की हिचं उत्तर ठरलेलं, "आधी त्या शॉवरची धार बघा."

तक्रार जुनीच. हिचे केस कमरेपर्यंत. आणि आमचा इलेक्ट्रिक शॉवर, म्हणजे पाणी तापवणारा तो भिंतीवरचा डबा, पाणी असं सोडायचा की जणू पळीपळीने तेल वाढतोय. एकदा डोक्याला साबण लावला की तो निघेस्तोवर तास. आतून आवाज यायचा, "गावभरच्या आगी विझवल्यात, पण बायकोच्या डोक्यातला साबण काही निघेना तुमच्याच्यानं." मी बाहेर दाराशी उभा राहून हसायचो. तेव्हा हसायला काय जात होतं.

"मग केलंत काय?"

"पंप बसवला. घरात लावतात तसला चिमुकला नव्हे. दलाच्या भंगारात आमच्या जुन्या बंबाचा पंप पडला होता, तो आणला."

सलूनवाल्याने आरशातून माझ्याकडे पाहिलं. मी पाहिलंच नाही असं दाखवलं.

"साबण लावला, चावी पूर्ण उघडली आणि पुढच्या क्षणी मी पालीसारखा भिंतीला चिकटलो. साबणदाणी उडाली, तिच्यामागून खिडकी. धार गल्ली ओलांडून गेली. समोर इस्त्रीवाल्याचे निखारे विझले, वरच्या गच्चीवरचं वाळलेलं धुणं पुन्हा भिजलं, आणि त्यातल्या दोन चादरी अजून कुणाला सापडलेल्या नाहीत."

फेसातून मास्तरांनी कसलासा आवाज काढला.

"मास्तर, हलू नका, हातात वस्तरा आहे," सलूनवाला म्हणाला. "म्हणजे काका, काम फत्ते."

"कसलं फत्ते. पाणी बर्फासारखं गार. असल्या पाण्याने ही केस धुणार? तिला वाफ दिसल्याशिवाय आंघोळ केल्यासारखं वाटत नाही."

मग दुरुस्तीवाली बाई बोलावली. वय माझ्या लेकीचं, जीभ सासूची. पंप बघून तिने कपाळाला हात लावला. म्हणाली, "काका, हा डबा पाणी जाता जाता तापवतो. तुम्ही पाणी पळवलंत तर त्याने तापवायचं कधी? बाथरूमला काय आग लागली होती?"

तिने आधी वीज बंद केली, मग पाणी, आणि पंप सोडवून बाजूला ठेवला. डब्यात पाणी शिरतं तिथे बोटाच्या पेराएवढी जाळी असते, ती काढून माझ्या तळहातावर ठेवली. जाळी कसली, चुन्याची वडी झाली होती. ती दात घासायच्या जुन्या ब्रशने घासली. शॉवरचं तोंड व्हिनेगरमध्ये बुडवून ठेवलं. नळीला मागच्या बाजूने मोड पडला होता, ती बदलली. सगळं पुन्हा बसवल्यावर बाई म्हणाली, "आता चावी तुम्ही लावा. किती गरम हवं ते तुमचं तुम्हाला ठाऊक."

तिथे मी अडलो. तीस वर्षं चावी उघडायची ती पूर्ण, एवढंच मला माहीत. अर्ध्यावर थांबायला मला कुणी शिकवलंच नव्हतं. आणि गरम किती, हे मला विचारून काय उपयोग? पाणी हिला लागायचं. मनगट धारेखाली धरून मी केसभर उघडत होतो, केसभर मिटत होतो. न्हाऊन बाहेर येताना हिने ओल्या हाताने मला ढकललं की त्या हाताची ऊब कितपत असायची, ते आठवत होतो. आठवेना, याची भीती वाटली. मग एका जागी मनगटाला पटलं. तिथे मी चावी सोडली आणि तिच्याकडे पुन्हा बोट नेलं नाही.

फोन लावला आणि शॉवरपाशी धरला. ही बराच वेळ ऐकत राहिली.

"धार बरी वाटते," म्हणाली. "गरम आहे?"

"तुला लागतं तेवढं."

मागे नात काहीतरी आपटत होती. ही म्हणाली, "बघते."

"बघते म्हणजे?" सलूनवाल्याने विचारलं.

"आमच्या घरात बघते म्हणजे येते. आणि आली की मंगळवारच्या बसने. पिशवी दारात ठेवली, पाणीसुद्धा न पिता सरळ बाथरूममध्ये. बेसिनवर एकेक पिन काढून ठेवल्याचा आवाज आला, सात पिना. मग शॉवर सुरू झाला. तुम्हाला सांगतो, रिकाम्या शॉवरचा आवाज वेगळा आणि खाली माणूस उभं असतानाचा वेगळा. दीड वर्ष मी रिकामाच ऐकत होतो. दाराशी उभा राहून टोमण्याची वाट पाहिली. टोमणा आलाच नाही. दहा मिनिटांत केस धुऊन झाले आणि आतून हाक, 'अहो, टॉवेल.' तेव्हापासून रोज न्हाते. मोरीच्या जाळीवर तिचे लांब केस अडकतात, ते मी काढतो, पण टाकवत नाहीत. आत्ता बसली असेल बाल्कनीत पाठीवर केस पसरून."

मास्तर आरशातून माझ्याकडे बघत होते. सलूनवाल्याने वस्तरा फडक्याला पुसला, मिटला, आणि खाली बघतच बोलला.

"काका, आज शुक्रवार. मंगळवारपासून मी सकाळी शटर वर करतो तेव्हा तुम्ही पायरीवर बसलेले असता, आणि दुपारी खाली ओढताना तुम्हाला उठवावं लागतं. काकू घरी आल्या असत्या, तर तुम्ही इथे आला असतात?"